सुपाएवढ्या अंतराचा नंबर

सोलापूर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय मित्रा,

तुझे पैसे पोचून आता तीन महिने होतील. "अम्माच्या नावानं मोतीबिंदूचं शिबिर घे, चांगला मांडव घाल, आलेल्यांना जेवण दे," असं तू फोनवर म्हणाला होतास. मी हो म्हणालो, आणि त्यातलं काहीही केलं नाही. तुझ्या पैशातून मी चाळिशीचे चष्मे वाटले. तू रागावशील असं वाटून आजपर्यंत टाळत आलो. पण हे फोनवर गडबडीत सांगण्यासारखं नाही. गड्ड्याची जत्रा संपली, दुकान आज बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय. शेवटपर्यंत वाच बे, मग काय बोलायचं ते बोल.

शिबिराची नावनोंदणी करायला मी नोव्हेंबरात कुंभारीला गेलो होतो, विडी घरकुलात. तू सोलापूर सोडलंस तेव्हा तिकडं माळ होता. आता कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी आहेत तिथं. दुपारची वेळ होती. ओळीनं दारात बायका सूप मांडीवर घेऊन बसलेल्या, तोच तंबाखूचा वास. मी म्हाताऱ्या माणसांची नावं लिहून घेत चाललो होतो. एका दारात अठ्ठेचाळीस-पन्नासची बाई होती. तिनं विचारलं, "मला लांबचं सगळं दिसतंय. बसचा बोर्ड दिसतोय, गच्चीवरची पोरं दिसतायत. दोरा दिसत नाही. त्याचं काही आहे का तुमच्याकडं?"

मी सवयीनं म्हणालो, "मावशी, हे शिबिर मोतीबिंदूचं आहे."

चार घरं पुढं गेलो आणि पाय अडले. दुकानात मी रोज पाच-सात जणांना चाळिशी देतो. कोण असतात ते? बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, पेपर लांब धरून वाचणारे पेन्शनर. इतक्या वर्षांत विडी वळणारी बाई आपणहून "जवळचं दिसत नाही" म्हणून दुकानाची पायरी चढली, असं बोटावर मोजण्याइतकंच झालं असेल. आणि सोलापुरात जवळचं बघण्याचं काम सगळ्यात जास्त करतं कोण? याच बाया. आपल्या भाषेत वयाला चाळिशी म्हणतात आणि चष्म्यालाही चाळिशीच. पण हा चष्मा डोळ्यांपुढं आणला की आपल्याला पेपर नाहीतर पोथी वाचणारा माणूस दिसतो. ज्याला वाचता येत नाही त्याला चाळिशी लागत असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, आणि माझा तर हा धंदा आहे.

यात रोग काही नाही. डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं, जवळचं बघताना फुगतं. वय वाढेल तसं ते कडक होत जातं आणि चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर व्हायला लागतं. सगळ्यांनाच होतं, कुणी सुटत नाही. उपाय फक्त एका साध्या भिंगाचा. घाऊकमध्ये असा तयार चष्मा मला शंभर रुपयांच्या आत पडतो.

आता पुढचं लिहू की नको, यावर मी दोन दिवस घालवलेत. पण तुझ्यापासून लपवून ठेवणं बरं वाटत नाही.

तुला आठवतं, आपण दहावीत असताना अम्मा दाराशी सरकून बसायला लागली होती? उन्हाबरोबर तिची चटई सरकायची. विडी हातभर लांब धरून तोंड दुमडायची. दोरा बांधायला आपल्याला बसवायची, आणि आपण पंचवीसचा कट्टा आधी कुणाचा होतो यावर भांडायचो. कारखान्यात विड्या तपासणारा तिच्या सैल विड्या बाजूला काढायला लागला. हजारातल्या पन्नास, मग शंभर. पानं तिच्या पदरची, मजुरी गेली ती वेगळीच. सगळे म्हणाले, हिचा हात गेला. तीही तेच म्हणायची. सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं सूप भिंतीला टांगलं, आणि तू बारावीत असताना पॉवरलूमवर रात्रपाळी धरलीस.

हात गेला नव्हता रे तिचा. दीड नंबर लागला असता फार तर.

मी नंतर हेच शिकलो, याच्यावरच घर चालवलं, अम्माच्या हातचा भातही पुढं कितीदा जेवलो. पण ही गोष्ट त्या गोष्टीला कधी जोडली नाही. त्या दिवशी कुंभारीत, चार घरं पुढं जाऊन थांबलो तेव्हा जोडली गेली. म्हणून तिच्या नावाचे पैसे मी इथं लावले. तुला न विचारता लावले, ही माझी चूक, ती मान्य.

मोतीबिंदूचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. आपल्या देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात मोतीबिंदूला पहिलं स्थान मिळालं ते योग्यच होतं. त्यानं लाखो लोक आंधळेपणातून बाहेर आले. पण अंधत्वाचं माप घेतात ते लांबच्या नजरेवर. तीन मीटरवरून बोटं मोजता येतात का, असं. अम्माला तीस मीटरवरून मोजता आली असती. त्या मापात ती बसतच नव्हती. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दृष्टीवर मोठा अहवाल काढला. चाळिशी लागलेली पण चष्मा न मिळालेली माणसं त्यात जगभर ८२ कोटी ६० लाख धरली आहेत. आसामात चहाच्या मळ्यात एक प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. चाळीस वर्षांवरचे ७५१ कामगार घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला पाच किलोंनी जास्त वाढली, म्हणजे साधारण २२ टक्के फरक. पानं तीच, हात तेच. हे वाचलं तेव्हा मला आपला तो विड्या बाजूला काढणारा माणूस आठवला.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगतो. चार रविवार समाजमंदिरात बसलो. मी, दुकानातला पोरगा आणि शिकाऊ दोन मुली. हिशेबाची वही जपून ठेवलीय, तू आलास की दाखवतो. आधी सहा मीटरवर तक्ता. अक्षरओळख नसलेल्यांसाठी उलटासुलटा इंग्रजी 'E' असलेला, ज्याची तोंडं कुठं आहेत ते हातानं दाखवायचं. एकेक डोळा झाकून. लांबचं कमी दिसलं की डोळ्यापुढं बारीक भोक पाडलेली काळी चकती धरायची. भोकातून नीट दिसलं तर नंबर आहे, नाही दिसलं तर आत काहीतरी बिघाड आहे, म्हणजे आपलं काम संपलं आणि डॉक्टरांचं सुरू झालं. अशांच्या चिठ्ठ्या करून सिव्हिलला पाठवल्या. त्यात पिकलेले मोतीबिंदू होते, बुबुळावर मांसाची वेल वाढलेले होते, आणि एका बाईला काचबिंदूचा संशय होता. तिची तक्रार फक्त दोरा दिसत नाही एवढीच होती. म्हणून चष्मे नुसते रांगेत वाटू नयेत, डोळा तपासूनच द्यावेत, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगत असतो.

जवळच्या तपासणीला मात्र आमच्याकडं वाचायचा तक्ता असतो. तो तिथं काय कामाचा? पहिल्या रविवारी मी सरळ पुस्तकाच्या अंतरानं नंबर काढले. पुढच्या रविवारी तीन-चार बायका परत आल्या. दिसतंय, पण मान दुखतेय म्हणाल्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पुस्तक आपण चाळीस सेंटीमीटरवर धरतो, सूप असतं मांडीवर. शिंप्याची टेप घेऊन डोळ्यापासून बोटांपर्यंत मोजलं, कुठं सत्तेचाळीस, कुठं पन्नास. पंचावन्नच्या बाईला पुस्तकासाठी अडीच नंबर लागला, तर सुपासाठी दोन पुरतो. अडीच दिला की तिला दिवसभर सुपावर वाकून बसावं लागतं. त्यानंतर आम्ही तक्ता ठेवूनच दिला. एक सूप मागून आणलं, भिजवलेली पानं, तंबाखू, दोरा, पत्र्याचा साचा आणि कात्री. मांडीवर सूप द्यायचं, चाचणीची फ्रेम चढवायची, भिंग बदलत जायचं आणि विचारायचं, "कनपडुतुंदा?" माझं तेलुगू ऐकून तू हसायचास, पण या बायकांना मराठीत "दिसतंय का" म्हटलं की त्या मान हलवून मोकळ्या होतात. तेलुगूत विचारलं की खरं सांगतात.

एक गोष्ट तुला मुद्दाम सांगतो. पुण्यातल्या तुझ्या सोसायटीतले लोक विचारतील, "आमचे जुने चष्मे देऊ का?" त्यांना प्रेमानं नको म्हण. आमच्याकडं अशी दोन खोकी आली होती. एका डोळ्याचा नंबर वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, कुणाच्या काचेत तिरका नंबर, कुणाच्या काचेवर ओरखडे. दोन रात्री बसून तपासले, त्यातून चार-पाच कामाला आले. दुसऱ्याच्या डोळ्यासाठी घासलेली काच बाईला दिली, तर तिचं डोकं दुखतं आणि चष्मा म्हणजे डोकेदुखी असं ती गल्लीभर सांगते.

चष्मा दिला म्हणजे काम झालं, असंही नाही. दोन आठवड्यांनी घरोघर फिरलो. काहींचे चष्मे देव्हाऱ्याशेजारी डबीत ठेवलेले, नवे म्हणून जपून. एकीनं सासूला देऊन टाकलेला. एक तरुण बाई, चाळिशीला नुकतीच टेकलेली, म्हणाली, "शेजारणी म्हातारी म्हणतात." "एकदा लावला की नंबर वाढतो" हे तर प्रत्येक दारात ऐकलं. नंबर चष्म्यानं वाढत नाही, वयानं वाढतो, हे मी किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. आणि काहींची तक्रार खरी होती. काम करताना कुणी हाक मारली, मान वर केली, की समोरचं धुरकट. तसंच उठून चाललं की गरगरतं. त्यांना चष्म्याला दोरी लावून दिली, उठताना गळ्यात सोडायचा. ज्यांना लांबचाही नंबर होता त्यांना दुहेरी काचेचे करायला टाकले, ते खर्चाला जड गेले.

ती पहिली बाई, जिला मी "शिबिर मोतीबिंदूचं आहे" म्हणालो होतो, ती दुसऱ्या रविवारी आली. पावणेदोनवर तिला नीट दिसायला लागलं. मी वाट बघत होतो की ती आता विडी वळेल. तिनं वळली नाही. सकाळपासून वळलेल्या विड्या ती पिशवीत घेऊन आली होती, त्या सुपावर ओतल्या. एकेक उचलून तोंडाकडून बघितली, बुडाकडून बघितली. आणि सैल असलेल्या बाजूला काढायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. अकरा निघाल्या. त्या उकलून तंबाखू सुपात झाडला, पानं सरळ केली आणि मला म्हणाली, "खोटं नव्हता बोलत तो विड्या तपासणारा. मी त्याच्याशी दोन वर्षं भांडतेय."

मला वाटलं होतं ती खूश होईल. ती गप्प बसून होती बराच वेळ. मग पुढची बाई आली, तिनं सूप पुढं सरकवलं.

आता कामाचं. तुझ्या पैशातले थोडे उरलेत, दुहेरी काचांचं बिल भागवून. मार्चमध्ये जुन्या विडी घरकुलात बसायचा विचार आहे, आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांतूनही बोलावणं आलंय. तिथं शिलाई करणाऱ्या, चादरींना गाठी मारणाऱ्या बाया आहेत, त्यांचंही अंतर मोजायला लागेल. तुला मोतीबिंदूचंच करायचं असेल तर स्पष्ट सांग, उरलेले पैसे मी तिकडं वळवतो, आणि खर्च झालेले माझ्याकडून भरतो. पण हो म्हणायच्या आधी एकदा ये. शनिवारी रात्री निघालास तर सकाळी इथं पोचशील. चहा माझ्याकडं, जेवण घरकुलात, त्या बाया सोडत नाहीत जेवल्याशिवाय.

आणि एक मागणं आहे. आम्ही मागून आणलेलं सूप परत द्यायला लागतं दर वेळी. अम्माचं सूप तू पुण्याला नेलं होतंस, माळ्यावर असेल. ते घेऊन ये.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दोरा बांधण्यात कायम हरणारा