शाळा-लायब्ररीचं इंटरनेट भिंतीपाशी थांबवू नका: एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांना खुलं पत्र

मा. ब्रेंडन कार साहेब,
अध्यक्ष, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन,
वॉशिंग्टन डी.सी.

स. न. वि. वि.

साहेब, मी मध्य न्यू जर्सीतल्या एका पब्लिक लायब्ररीत सर्क्युलेशन डेस्कवर काम करते. मूळची दापोली तालुक्यातली, इथे येऊन चौदा वर्षं झाली. लायब्ररीतून घरी न्यायच्या इंटरनेट हॉटस्पॉटला मिळणारे पैसे फोन-इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या तुमच्या कमिशनने बंद केले, त्याबद्दल मला जे म्हणायचंय ते इंग्रजीत कमिशनच्या साइटवर जाऊन आधीच लिहून टाकलंय. हे मराठीत लिहितेय कारण आमच्या इथल्या मराठी लोकांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं. फोनच्या बिलात खाली युनिव्हर्सल सर्व्हिस म्हणून एक ओळ असते, दर महिन्याला आपण सगळेच ते पैसे भरतो, आणि त्यातलेच काही पैसे शाळा आणि लायब्ररींच्या इंटरनेटला जातात हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं. लायब्ररीत नोकरीला लागेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

तुम्हाला ई-रेट काय ते सांगायची गरज नाही, पण आमच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फोनच्या बिलातले ते पैसे शाळा-लायब्ररींच्या इंटरनेटला देणारी ही योजना १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यातून आली. शाळेतल्या किती मुलांना सरकारी फुकट किंवा स्वस्त जेवण मिळतं त्यावरून त्या भागातली गरिबी मोजतात आणि त्या हिशोबाने शाळेच्या, लायब्ररीच्या इंटरनेट बिलावर २० पासून ९० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. म्हणजे आज एखाद्या गरीब गावातल्या लायब्ररीत कोणीही येऊन फुकट वायफायवर नोकरीचा अर्ज भरू शकतं, त्यामागे बऱ्याचदा ही योजना असते. चांगली योजना आहे, मी रोज तिचं काम डोळ्यासमोर बघते. फक्त एक गोष्ट तिच्यात पहिल्यापासून अडकलेली आहे, ती म्हणजे इंटरनेट इमारतीच्या आत पाहिजे.

आणि मार्च २०२० मध्ये इमारतींनाच कुलूप लागलं.

१८ मार्चला न्यू जर्सीतल्या शाळा बंद झाल्या, आमची लायब्ररीही बंद. तुम्ही तेव्हा कमिशनवर होतातच. २३ मार्चला कमिशनने सांगितलं की शाळा-लायब्ररी बंद असल्या तरी त्यांचं वायफाय चालू ठेवायला आणि लोकांनी ते वापरायला हरकत नाही. हा निर्णय फार मोलाचा होता साहेब, मी त्याबद्दल मनापासून आभार मानते. आमच्या मॅनेजरने लगेच राउटर खिडकीजवळ सरकवला म्हणजे सिग्नल पार्किंग लॉटपर्यंत पोचेल. मी बुक ड्रॉपमधली पुस्तकं काढायला आठवड्यातून दोनदा जायचे, हातात ग्लोव्हज, तोंडाला मास्क, आणि पार्किंगमध्ये कधी सहा तर कधी आठ गाड्या उभ्या असायच्या, इंजिन चालू कारण एप्रिलमध्येसुद्धा इथे थंडी असते, आणि आत मागच्या सीटवर मुलं मांडीवर क्रोमबुक घेऊन बसलेली. एका गाडीत तर पुढच्या डॅशबोर्डवर आईचा फोन टेकवून ठेवला होता, मागे दोन भाऊ, मोठ्याचा क्लास चालू आणि धाकटा त्याच्या खांद्यावर झोपलेला. मी पिशवी घेऊन शेजारून गेले तर मोठ्याने पटकन माइक म्यूट केला, त्याला वाटलं मी ओरडणार आहे. मी हात हलवला आणि पुढे गेले. घरी येऊन माझ्या मुलाला त्याच्या खोलीत फुल स्पीड वायफायवर क्लास करताना बघितलं आणि मला जेवण गेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सालिनासचा तो फोटो सगळीकडे फिरला, टॅको बेलच्या बाहेर फुटपाथवर बसून दोन मुली लॅपटॉपवर अभ्यास करतायत. लोक हळहळले. आमच्याकडे तो फोटो बघून कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, आम्ही ते रोज बघत होतो.

आता माझी खरी तक्रार सांगते, आणि ती तुमच्या एकट्यावर नाही, सगळ्या यंत्रणेवर आहे. शाळा बंद झाल्या मार्च २०२० मध्ये. ई-रेटचे पैसे होते, पण ते मुलाच्या घरच्या इंटरनेटला वापरता येत नव्हते कारण घर म्हणजे क्लासरूम नाही. मग काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, मार्च २०२१ मध्ये अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या कोविड मदतीच्या कायद्यात ७१७ कोटी डॉलर वेगळे काढले, इमर्जन्सी कनेक्टिव्हिटी फंड. त्याचे नियम झाले मे २०२१ मध्ये, अर्ज घेतले जून ते ऑगस्ट, आणि पहिल्या टप्प्याचे पैसे मंजूर झाले सप्टेंबर २०२१ च्या शेवटी. म्हणजे दीड वर्ष! जी मदत पहिल्याच महिन्यात पाहिजे होती ती आली तेव्हा बहुतेक मुलं मास्क लावून परत वर्गात बसली होती. जे मूल मार्च २०२० मध्ये पहिलीत होतं आणि अक्षरं जुळवायला शिकत होतं ते तोवर तिसरीत गेलं होतं.

तरीही मदत आली ती फार मोठी होती हे मी मान्य करते. कमिशनच्याच आकड्यांप्रमाणे सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थ्यांपर्यंत हा फंड पोचला. आमच्या लायब्ररीला त्यातूनच हॉटस्पॉट मिळाले. हॉटस्पॉट म्हणजे साबणाच्या वडीएवढं एक डबडं, ते आम्ही झिपच्या पाउचमध्ये घालून देतो, सोबत चार्जर आणि पासवर्ड लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड, पाउचवर पुस्तकासारखाच बारकोड, तीन आठवड्यांची ड्यू डेट. पुस्तक जसं घरी नेतात तसंच इंटरनेट घरी न्यायचं. कोण न्यायचं म्हणाल तर रात्री वेअरहाउसमध्ये काम करणारी आई, जिची मुलगी हायस्कूलला आहे. नातवंडं सांभाळणारे आजोबा. नर्सिंगची परीक्षा देणारी मुलगी. नुकतीच इंडियातून आलेली आपली कुटुंबंसुद्धा, नवरा ऑफिसला, मुलाला शाळेने पहिल्याच दिवशी गूगल क्लासरूमचं लॉगिन दिलेलं आणि घरी अजून इंटरनेटचा पत्ता नाही. अशी किमान तीन मराठी घरं मला माहीत आहेत. तेव्हा आपल्या लोकांनी हे दुसऱ्या कोणाचं आहे असं समजू नये.

३० जून २०२४ ला तो फंड संपला. त्याच सुमाराला घरच्या इंटरनेट बिलावर महिना ३० डॉलर सूट देणारी ॲफोर्डेबल कनेक्टिव्हिटीची योजनाही पैसे संपले म्हणून बंद झाली, तिच्यावर २ कोटी ३० लाखांहून जास्त घरं होती. दोन्ही आधार एकाच उन्हाळ्यात गेले. जुलै २०२४ मध्ये कमिशनने ३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की हॉटस्पॉट उसने द्यायला आता ई-रेटमधून पैसे मिळतील, आणि आमच्या डेस्कवर आम्ही अक्षरशः पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. तुमचं मत विरोधात होतं. आम्ही अर्ज भरला, त्याच्या भरवशावर बजेट केलं. आणि ३० सप्टेंबर २०२५ ला तुमच्या अध्यक्षतेखाली कमिशनने २ विरुद्ध १ ने तो निर्णयच मागे घेतला, स्कूल बसमधल्या वायफायचाही, आणि आलेले अर्ज नाकारा म्हणून सांगितलं. शाळेचं वर्ष सुरू होऊन महिना झाला होता.

तुमची कारणं मी वाचली आहेत, नीट वाचली आहेत. पहिलं म्हणजे कायद्यात क्लासरूम आणि लायब्ररी असे शब्द आहेत, घर असा शब्द नाही. मी वकील नाही, पण लायब्ररीत काम करते म्हणून एक विचारते. आमच्याकडून नेलेलं पुस्तक माणूस घरी खाटेवर लोळून वाचतो तेव्हा ते लायब्ररीचं पुस्तक राहत नाही का? उसनं देणं हेच तर लायब्ररीचं काम आहे, ते सोडलं तर आमच्याकडे खुर्च्या आणि कपाटं उरतील. आणि तरीही कायद्याचा शब्दच आड येतोय असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटत असेल तर तुम्ही काँग्रेसकडे जाऊन तो बदलून मागा, तुमच्या शब्दाला तिथे जे वजन आहे ते आमच्यासारख्यांच्या पत्राला नाही.

दुसरं, मुलं घरी एकटी इंटरनेटवर काय बघतील याची काळजी. आईबाप म्हणून ती मला पूर्ण कळते, मलाही एक टीनएजर आहे. पण आम्हाला २००० सालचा मुलांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, आमच्या हॉटस्पॉटवर फिल्टर असतो, आणि हॉटस्पॉट द्यायच्या आधी मोठ्या माणसाची सही घेतो. ज्या मुलाला लायब्ररीचा फिल्टरवाला हॉटस्पॉट मिळत नाही ते इंटरनेट सोडून देत नाही हो साहेब, ते गॅस स्टेशनवर नाहीतर कोणाच्यातरी फोनवर जातं, आणि तिथे कसला फिल्टर आणि कसली सही.

तिसरं पैशाचं. लोकांच्या फोन बिलावरचा युनिव्हर्सल सर्व्हिसचा हा आकार वाढलाय हे खरं आहे, २०२५ मध्ये तो आंतरराज्य सेवांच्या रकमेवर ३६ टक्क्यांच्याही वर गेला आणि ते कोणालाच परवडणारं नाही. पण हॉटस्पॉटमुळे गेला का? पहिल्या वर्षी देशभरातून हॉटस्पॉटसाठी साधारण पावणेतीन कोटी डॉलर मागितले होते आणि ई-रेटची वर्षाची मर्यादा ५०० कोटींच्या आसपास आहे. शंभर डॉलरमधले साठ सेंटसुद्धा नाहीत. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने युनिव्हर्सल सर्व्हिसचा हा सगळा फंड कायदेशीर ठरवला, तेव्हा आता पाया पक्का आहे, निदान या कारणाने तरी कोणी हात आखडता घेऊ नये.

माझा भाचा गावी असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आमच्या दापोली-मंडणगडकडे आंबा-नारळ-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. त्यात ऑनलाइन शाळा सुरू झाली. रेंज मिळायची ती फक्त वर सड्यावर, म्हणून तो आणि त्याचे मित्र छत्र्या घेऊन सड्यावर जाऊन बसायचे, पावसात, एका फोनवर चारजण. माझी बहीण फोनवर रडायची आणि म्हणायची तुमच्याकडे अमेरिकेत बरं असेल. मी तिला पार्किंग लॉटमधल्या गाड्यांचं सांगितलं तर तिला खरंच वाटलं नाही, ती म्हणाली, अगं एवढ्या श्रीमंत देशात? माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. हॉटस्पॉट उसने द्यायची सोय परत सुरू करा, हवं तर मर्यादा कडक ठेवा, किती दिवस वापर झाला नाही तर सेवा बंद करायची तेही लिहून द्या, आम्ही पाळू. आणि ते आज जमत नसेल तर निदान एक नियम आत्ताच, शांतपणे, लिहून ठेवा की सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि शाळा-लायब्ररी बंद झाल्या की त्या दिवसापासून ई-रेटचे पैसे मुलांच्या घरच्या इंटरनेटला वापरता येतील. महामारी नसेल, उद्या सँडीसारखं वादळ असेल, तिकडे पश्चिमेला वणवा असेल. तेव्हा परत काँग्रेस, परत नवीन फंड, परत नियम, परत अर्ज, या सगळ्यात पुन्हा दीड वर्ष जाऊ देऊ नका. साचा तयार आहे, तुमच्याच लोकांनी रात्रंदिवस खपून तो बनवला होता, तो मोडीत काढू नका.

आमच्याकडे आता निम्मेच हॉटस्पॉट चालू ठेवलेत, लायब्ररीच्या स्वतःच्या पैशातून, बाकीचे मागच्या खोलीत एका प्लास्टिकच्या खोक्यात आहेत, चार्जरसकट. गेल्या आठवड्यात ती वेअरहाउसवाली आई परत आली होती. तिची मुलगी आता अकरावीत आहे, कॉलेजचे फॉर्म भरायची वेळ जवळ आलीय. मी तिचं नाव होल्डवर टाकलं तर नंबर सतरावा आला. तीन आठवड्यांनी परत येईन म्हणून गेलीय.

तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

आपली,
एक लायब्ररी कर्मचारी
मध्य न्यू जर्सी