मिस्त्रीमामा, तुम्ही अपघात वाचायला शिकवलंत

आदरणीय मिस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या तुमच्या गॅरेजात मी खोकं घेऊन आलो, तेव्हा तुम्ही एका वडापच्या जीपचा दरवाजा ठोकत होता. हातोडा बाजूला ठेवलात, खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या विमानाच्या पोटावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "हे वितळलंय. आपटलेलं न्हाई."

खरं होतं. वाळवंटात पडलेल्या एका खऱ्या विमानाची छोटी प्रतिकृती करायची म्हणून मी ते मेणबत्तीवर धरून पोचे पाडले होते. दोन महिने तेच करत होतो.

मग तुम्ही विचारलंत, "कुठनं आलं, कसं टेकलं, कुठवर घासत गेलं?" म्हणून मी त्या खऱ्या विमानाची हकिगत सांगितली. 'लेडी बी गुड' हे अमेरिकेचं बी-२४ बॉम्बर. 4 एप्रिल 1943 ला लिबियातल्या सुलूक तळावरून इटलीतल्या नेपल्सवर हल्ल्याला गेलं. परतताना अंधारात तळ ओलांडून वाळवंटात शिरलं. इंधन संपत आलं तसे नऊही जण पॅराशूट घेऊन उतरले. रिकामं विमान आपलं आपण पुढं गेलं आणि पोटावर घसरत थांबलं. पंखांच्या मागं मोडून शेपूट वेगळं झालं. तळापासून सुमारे 700 किलोमीटर आत. 1958 मध्ये ते तेल शोधणाऱ्यांना दिसलं. माणसं तिथवर पोचली तेव्हा आतला रेडिओ चालू स्थितीत होता, पाणीही होतं. ती नऊ माणसं मात्र दूर उतरली होती. त्यातली आठ जण अर्ध्या बाटली पाण्यावर कित्येक दिवस वायव्येकडे चालत राहिली. कुणीच वाचलं नाही.

"पाणी विमानातच ऱ्हायलं?" एवढंच तुम्ही विचारलंत. मग बराच वेळ गप्प होता.

त्यानंतर सहा रविवार तुम्ही मला दिलेत. पत्रा दाबला तर आधी सुरकुततो, फाटतो तो रिव्हेटच्या ओळीनं, हे जीपच्या दरवाजावर बोट ठेवून दाखवलंत. प्लॅस्टिक आतून खरवडून कागदासारखं पातळ करायला लावलंत. मोडलेल्या जागी पार्सलच्या ॲल्युमिनियम डब्याचा पत्रा बसवलात. एकच इंजिन शेवटपर्यंत चालू होतं हे कळल्यावर तुम्ही चिमट्यानं त्याच पंख्याची पाती वेगळी वाकवलीत: "फिरता पंखा आन् बंद पंखा सारखा वाकत न्हाई." चार वर्षं फोटो बघतोय मामा, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

वाळूचंही तसंच. कृष्णेची वाळू मी चाळून आणली होती. 1:72 च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागात, तिचा एकेक कण दगडाएवढा दिसायचा. तुम्ही गाडीची पुट्टी घासून पडलेली भुकटी कपड्यातून गाळून दिलीत. वाळवंटी गुलाबी रंगसुद्धा तुमच्याच डब्यांतला: पांढऱ्यात थोडा रेड ऑक्साइड, थोडा पिवळा. वरच्या बाजूला उन्हानं विटलेला दिसावा म्हणून पांढरा जरा जास्त.

पैशाचं काढलं तर तुम्ही रागावलात, म्हणून हे पत्र. 46.5 सेंटिमीटर पंखांचं ते विमान आता आमच्या कपाटावर आहे. शेपटीजवळची वाळू अजून टाकलेली नाही. भुकटीची पुडी तशीच ठेवलीय. येत्या रविवारी काकूंना घेऊन जेवायला या, तेवढी वाळू तुमच्या हातानं पडू दे.

तुमचा,
खोकंवाला