साल्सा शिकवताना वाद्येही ऐकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साल्सा नृत्यवर्गांविषयी आलेला लेख वाचला. पदन्यास, पोशाख, स्पर्धा आणि वजन घटवण्याचे फायदे या सर्वांचा त्यात सविस्तर परामर्श होता. मात्र ही मंडळी ज्या संगीतावर नाचतात, त्यातील एकाही वाद्याचा उल्लेख नव्हता. हा दोष एकट्या लेखाचा नाही. बहुतेक वर्गांतही ‘एक-दोन-तीन, पाच-सहा-सात’ या मोजणीपलीकडे शिक्षण जात नाही आणि चौथ्या व आठव्या मात्रेला पाय विसावलेला असताना गाण्यात काय चालले आहे, हे कोणी सांगत नाही. वास्तविक नेमक्या त्याच मात्रांवर काँगाचे (हातांनी वाजवायच्या उंच ढोलाचे) दोन मोकळे, घुमणारे ठोके सुरू होतात आणि बासचा, म्हणजे खर्जातल्या तंतुवाद्याचा, स्वरही तिथेच पडतो.

या संगीताचा कणा म्हणजे क्लावे, अर्थात दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून वाजवला जाणारा पाच ठोक्यांचा आकृतिबंध. आठ मात्रांत पहिली, मग दुसरी आणि तिसरीच्या बरोबर मधली जागा, चौथी, सहावी आणि सातवी असे ठोके दिले की तीन-दोनची ‘सोन’ क्लावे होते (‘सोन’ हा क्युबातला संगीतप्रकार); दोन ठोक्यांचा भाग आधी घेतला की तीच दोन-तीनची होते. तीनच्या भागातला शेवटचा ठोका अर्धी मात्रा उशिरा दिला, तर रुंबा क्लावे. प्रत्यक्षात अनेक गाण्यांत या दांड्या कोणी वाजवतच नाही, तरीही टिंबालेस या काठ्यांनी वाजवायच्या ढोलजोडीच्या धातूच्या कडेवर पडणारी काठी आणि पियानोची फिरत राहणारी सुरावट त्याच आकृतिबंधाला धरून चालतात, आणि एखादा वादक उलट्या बाजूने शिरला तर जाणकाराला ते तत्काळ खटकते.

तबला ऐकून तयार झालेला आपला कान समेची वाट पाहतो, आणि इथेच तो फसतो. साल्सातील बास बहुधा पहिल्या मात्रेवर येतच नाही. दर चार मात्रांत तो दुसरीनंतर अर्ध्या मात्रेवर आणि चौथीवर वाजतो. चौथीवरचा स्वर पुढच्या चार मात्रांच्या सुरावटीतला असतो आणि तो तसाच लांबवला जात असल्याने ‘एक’ रिकामाच निघून जातो. म्हणून नवख्याने ऐकताना आरंभी घंटेचा आधार धरावा. मुख्य गायक आणि कोरस यांची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण सुरू झाली, की बाँगो ही लहान ढोलजोडी वाजवणारा आपले वाद्य बाजूला ठेवून हातात घंटा घेतो आणि तिच्या रुंद तोंडाकडचे खर्जातले ठोके पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर देतो. ती पक्की झाल्यावर काँगा, नंतर बास आणि सर्वांत शेवटी क्लावे, या क्रमाने एकच गाणे पुन्हा पुन्हा ऐकावे. दर दिवशी नवे गाणे लावण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी.

थोडा इतिहासही सांगितला जावा. क्युबात १९४० च्या दशकात आर्सेनियो रोद्रिगेस या दृष्टिहीन वादकाने सोनच्या ताफ्यात काँगा, पियानो आणि एकाहून अधिक ट्रम्पेट आणले. त्या भरगच्च नादावर न्यूयॉर्कमधील पोर्तोरिकन आणि क्युबन वादकांनी पुढची इमारत उभारली. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या फानिया रेकॉर्ड्समुळे ‘साल्सा’ हे नाव सर्वतोमुखी झाले. टिटो प्वेंते यांनी टिंबालेस वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतून पुढे आणले, एवढे जरी कळले तरी त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकताना लक्ष कुठे द्यावे, हे उमगते.

नृत्यवर्गचालकांना एक व्यावहारिक विनंती. तळहाताएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि मग शिकणाऱ्याने मोजणीवाचून कशाचा आधार घ्यावा? बरा स्पीकर आणावा आणि पाय हलवण्यापूर्वी काही वेळ सर्वांकडून टाळ्यांनी क्लावे वाजवून घ्यावी. दांड्या नसल्या तरी अडत नाही, दोन पेन्सिलींवर काम भागते.

आपला,
एक वाचक, पुणे