आधी वाडा, मग नाव

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या चर्चमधली बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि मरणाची पुस्तके तुम्ही आम्हाला वाचायला शिकवलीत, त्याचे हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की तुम्ही दाखवलेल्या खुणा आमच्या चार घरांपुरत्या नाहीत. लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत, पोर्तुगीज शिकलेली तुमची पिढी आता थोडीच उरली आहे. पूर्वजांचा माग काढणारे मात्र मुंबईपासून नैरोबीपर्यंत आहेत, आणि त्यांतले बहुतेक जण आडनाव धरून सुरुवात करतात आणि तिथेच रुततात.

‘आधी वाडा, मग आजा-आजी, नाव सगळ्यांत शेवटी’ हा तुमचा नियम. वाडा म्हणजे मोठे घर नव्हे, गावातली वस्ती. धर्मांतराच्या वेळी पाद्रीचे नाहीतर धर्मपित्याचे आडनाव मिळाले, त्यामुळे गावेच्या गावे दोन-तीन आडनावांची झाली. त्यात नावे संतांची. एकाच दशकात एकाच गावात चार पेद्रू फर्नांडिस सापडले तर नवल नाही. त्यांना वेगळे करतो तो वाडा, आणि एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच नोंदींत लिहिलेले आजे-आज्या: ‘नेतु पातेर्नु’च्या पुढे बापाचे आईबाप, ‘नेतु मातेर्नु’च्या पुढे आईचे. आईबाप आणि हे चार आजे-आज्या, असे सहा जण जुळले तरच नोंद आपली म्हणायची. आणखी एक सापळा तुम्ही वेळीच दाखवलात: मूल दगावले की पुढच्याला तेच नाव ठेवत. म्हणून बाप्तिस्मा सापडला की लगेच आनंदून वही मिटायची नाही. पुढच्या दहा वर्षांचे ‘ओबितुश’, म्हणजे मृत्यूंचे पुस्तक, चाळायचे.

सुरुवात मात्र चर्चपासून नाही, तालुक्याच्या निबंधक कार्यालयातून. गोव्यात १९१४पासूनची जन्म, विवाह, मृत्यू ही नागरी नोंदणी तिथे मिळते. खिडकीवर ‘जन्मदाखला’ मागितला तर चार ओळींचा उतारा हाती पडतो. मागायचा तो तेओर, म्हणजे नोंदीची शब्दशः नक्कल. त्यात आजे-आज्या येतात आणि मुख्य म्हणजे समासातला शेरा येतो. ‘आव्हेर्बामेंतु’ नावाच्या त्या शेऱ्यात पुढचे लग्न किंवा मृत्यू कुठे नोंदला, हे लिहिलेले असू शकते. समासातल्या एका ओळीने दोन-दोन महिन्यांची पायपीट वाचते. तेओरावरून आईबापांच्या लग्नाकडे, लग्नावरून दोघांच्या चर्चकडे, तिथून बाप्तिस्म्याकडे. एकेक पायरी मागे. मधली गाळून उडी मारली की हमखास दुसऱ्याच घरात पाय पडतो.

पुस्तके काही गावांत चर्चमध्येच आहेत, काही पणजीच्या पुराभिलेखागारात. पहिल्या दिवशी तुम्ही एकही नाव शोधू दिले नाहीत. वीस नोंदी अक्षर न् अक्षर उतरवायला लावल्यात. तेव्हा ती शिक्षा वाटली, पण नोंदीचा साचा एकच असतो. तारीख, चर्च, बाळ, आईबाप, आजे, वाडा, धर्ममातापिता, पाद्रीची सही. साचा हातात बसला की त्या पाद्रीचा ‘र’ कसा आणि ‘न’ कसा हे कळते, आणि अनोळखी शब्द फक्त नावाच्या जागी उरतो.

चुका तारखांत सर्वांत जास्त होतात. सातचा आकडा आणि पुढे ‘ब्रो’ दिसला की नवखा माणूस जुलै लिहितो. तो सप्टेंबर. आठ-ब्रो ऑक्टोबर, नऊ-ब्रो नोव्हेंबर, आणि फुलीसारखा रोमन दहा व पुढे ‘ब्रो’ म्हणजे डिसेंबर. वर्ष अक्षरी असते, आणि ‘सेसेंता’ म्हणजे साठ, ‘सेतेंता’ म्हणजे सत्तर. घाईत लिहिलेले हे दोन शब्द एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात. एका अक्षराने पिढी दहा वर्षे सरकते आणि मग आई मुलापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी ठरते! शंका आली की आधीची आणि नंतरची नोंद बघायची, पुस्तक तारखेच्या क्रमानेच चालते. आणि बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. जन्म बहुधा त्याच नोंदीत पुढे वेगळा सांगितलेला असतो.

लग्नाच्या नोंदीतली सूट आम्ही तर वाचतच नव्हतो. नात्यातल्या लग्नाला चर्चची परवानगी लागे आणि नोंदीत पायरी लिहीत. दुसरी पायरी म्हणजे दोघांचा आजा एक, अर्थात चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडे. तिसरी म्हणजे पणजा एक, चौथी म्हणजे खापरपणजा एक. पायरी समान पूर्वजापर्यंत मोजायची, दोन्ही बाजूंची बेरीज करायची नाही. जिथे बाप्तिस्म्याचे पुस्तक वाळवीने खाल्ले, तिथे ही एक ओळ दोन घराणी जोडून देते. पुरुषांच्या बाजूला गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या मूळ हक्कदारांच्या संस्थेच्या, नोंदवह्याही आहेत. गावकाराचा मुलगा जणाचा, म्हणजे तिथल्या उत्पन्नातल्या वाट्याचा, हक्कदार होताना तिथे चढे. मुली त्यात नाहीत, हे लक्षात ठेवून वाचायचे.

हाताळणीबद्दल थोडक्यात. हात धुऊन कोरडे, हातमोजे नकोत, कारण त्यांनी पानाची कड कळत नाही आणि फाटते. पुस्तक उघडेल तेवढेच उघडायचे, खाली उशी द्यायची. शाईने कागद जाळलेला असेल तर उजेड बाजूने तिरपा धरायचा. संदर्भ लिहिताना पान नव्हे, फोलिओ: क्रमांक पानाच्या पुढच्या बाजूलाच असतो, मागची बाजू ‘व्ह’ने दाखवतात. ‘४३’ आणि ‘४३ व्ह’ यांत गल्लत झाली की दुसऱ्याला नोंद सापडत नाही. फोटोत क्रमांक आलाच पाहिजे, ही तुमची तंबी अजून कानात आहे.

स्मशानाने आमची निराशा केली असती, पण तुम्ही आधीच सावध केलेत. गोव्यात कबर सहसा कायमची नसते. काही वर्षांनी अस्थी काढून कोनाड्यात नाहीतर अस्थिकुंडात ठेवतात आणि जागा दुसऱ्याला जाते. दगड शोधत फिरण्यापेक्षा ‘ओबितुश’ वाचावे. संस्कार झाले की नाही, दफन चर्चच्या आत, आवारात की दफनभूमीत, कुणाचा नवरा वा विधवा, हे त्यात मिळते. मुंबईत वारलेल्यांसाठी शिवडीची दफनभूमी. त्याआधीच्या पिढीसाठी सोनापूरची.

उरले तारवटी, म्हणजे बोटीवरचे गोवेकर खलाशी. बोटीवर गेलेल्या माणसाचा धागा गावात तुटतो, तो मुंबईत धोबीतलावावरच्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, पुन्हा सापडू शकतो, तिथली सभासदांची वही जपली गेली असेल तर. तिथून बोटीचे नाव घ्यायचे आणि आधी तिचा अधिकृत क्रमांक काढायचा. नाव बदलले, मालक बदलला तरी ब्रिटिश बोटीचा क्रमांक बदलत नाही, आणि खलाशांच्या याद्या त्या क्रमांकावर आणि वर्षावर लावलेल्या आहेत. १८६३ ते १९३८च्या याद्यांपैकी सुमारे ७० टक्के कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. पाचाने संपणाऱ्या वर्षांच्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात, आणि सर्व वर्षांतला साधारण दहावा हिस्सा लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. १९१५ची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. वय, जन्मगाव, काम आणि आधीची बोट त्यात असते. आधीच्या बोटीवरून एकेक सफर मागे जाता येते.

इथेही आडनाव दगा देते. डिसोझा हे ‘डी’खाली, ‘एस’खाली, जोडून, तोडून, सगळे तपासायचे. जन्मगावाच्या जागी कित्येकदा नुसते ‘गोवा’. हिंदी खलाशांचे करार वेगळे आणि पुष्कळदा मुंबईतच होत, म्हणून ब्रिटनच्या यादीत नाव नाही याचा अर्थ माणूस बोटीवर नव्हता असा नाही. मुंबईहून थेट मोंबासाला गेलेला प्रवासी ब्रिटनच्या प्रवासी याद्यांत शोधू नये, त्या फक्त तिथल्या बंदरांच्या आहेत. युद्धात बुडालेल्यांना कबर नाही. २३ नोव्हेंबर १९४२ला ‘तिलावा’ ही बोट जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसे गेली. अशा खलाशांसाठी राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाची यादी पाहावी; पहिल्या महायुद्धातल्यांचे स्मारक मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे.

बाई, तुम्ही पोस्टकार्डामागे लिहून दिलेली संक्षिप्त रूपांची यादी आम्ही टंकून चर्चच्या कचेरीत लावायला दिली आहे. दोन रूपे अजून सुटत नाहीत, दोन्ही एकाच पाद्रीच्या हातची, दोन्ही वाड्याच्या नावाआधी येणारी. फोटो मोठे छापून पाठवत आहोत, फोलिओ क्रमांकासकट.

तुमचे,
वाचनाच्या टेबलावरचे चौघे