गोळी घेतलीस, आता बाकीचं ऐक

सांगली,
रविवार दुपार

प्रिय सुमे,

फोनवर तू नुसतं "हं", "बरं" करत होतीस, तेव्हाच ओळखलं की सासूबाई शेजारी बसल्यात. म्हणून सगळं सावकाश लिहून पाठवतेय. वाचून झाल्यावर फाडून टाकलंस तरी चालेल. पण भाऊजींना वाचायला दिलंस तर मला जास्त आवडेल. यातलं निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

काल तू मेसेजमध्ये विचारलंस, "मी पोटातलं पाडलं का गं?" नाही, सुमे. तू काहीही पाडलेलं नाहीस. मंगळवारी तू घेतलीस ती संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी, तिनं गर्भ पडतच नाही. संबंध आला की लगेच गर्भ राहतो असं नसतं. पुरुषाचे शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. बाईचं बीज मात्र अंडाशयातून बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. तू घेतलेल्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं संप्रेरक असतं, १.५ मिलीग्रॅम. ते बीज बाहेर पडणं लांबवतं, आणि तोवर शुक्रजंतू मरून जातात. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीचा उपयोग होत नाही. गर्भ रुजला असेल तर ती त्याला हलवूही शकत नाही आणि इजाही करत नाही. म्हणजे जे अजून झालेलंच नव्हतं, ते तू होऊ दिलं नाहीस. यात पाप कुठलं?

हा गोंधळ तुझ्या एकटीचा नाही. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून मी रोज हेच ऐकते. कुणी म्हणतं "ती ७२ वाली द्या", कुणी आय-पिल म्हणतं, कुणी नुसतंच "ती गोळी" म्हणून खाली बघतं. पाळी चुकून महिना झालेली बाईसुद्धा तीच मागते, आणि मग तिला सांगावं लागतं की ताई, आता हिचा उपयोग नाही, आधी तपासणी करा. गर्भ पाडायच्या गोळ्या, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, ही वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. नवऱ्यानं कुठून तरी आणून दिली म्हणून घरात गिळायची नाहीत. हे दोन्ही एकच समजल्यानं एकीकडे बायका साध्या गोळीला घाबरतात, आणि दुसरीकडे भलतंच काही घेऊन बसतात.

आता सोमवारबद्दल बोलते, कारण तो माझ्या मनातून जात नाही. गेल्या रविवारी रात्री निरोध फाटला. सोमवार सगळा तू घालवलास, कारण तुमच्या गल्लीतला मेडिकलवाला सासऱ्यांच्या रोजच्या बैठकीतला. शेवटी मंगळवारी भाऊजी दुसऱ्या गावाला गेले आणि तू दुपारी गोळी घेतलीस. म्हणजे ४८ तासांच्या आत, ठीकच झालं. पण गोळी ७२ तासांत घ्यायची म्हणतात त्याचा अर्थ ७२ तास निवांत आहेत असा नाही. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २४ तासांच्या आत गोळी घेतलेल्या बायकांमध्ये एरवी राहिले असते त्यातले ९५ टक्के गर्भ टळले, दुसऱ्या दिवशी घेणाऱ्यांमध्ये ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी ५८. पुढच्या अभ्यासांत आकडे थोडे वेगळे आले, पण जितकं लवकर तितकं बरं हे कायम राहिलं. तुझा सोमवार लाजेनं खाल्ला. मला राग तुझा येत नाही, त्या बैठकीचा येतो. लग्नाच्या बाईला, नवऱ्यासोबतच्या गोष्टीसाठी, साधं औषध घ्यायला दुसऱ्या गावाला माणूस पाठवावा लागतो!

आणि हे औषध घ्यायला चिठ्ठी लागत नाही, लक्षात ठेव. २००५ पासून आपल्याकडे ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. मंगळसूत्र आहे का, नवरा कुठाय, वय काय, असले प्रश्न विचारून एखाद्या सज्ञान मुलीला परत पाठवायचा अधिकार कुठल्याच दुकानदाराला नाही. दुकानात जायचं नसेल तर आशाताईंकडे विचारायचं. आशांकडे, उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ही गोळी सरकारकडून येते. तुमच्या वाडीच्या आशाताई तुझ्या बाळंतपणात दारात येत होत्या ना? त्यांना विचारायला लाज कसली.

आणखी एक उपाय आहे, तो फार कुणी सांगत नाही. पाच दिवसांच्या आत तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेतली तर ती या गोळीपेक्षाही खात्रीची. शंभरात एखादीलाही क्वचितच गर्भ राहतो, आणि पुढची काही वर्षं काळजी मिटते ती वेगळीच. वजन जास्त असेल तर गोळीचा असर कमी होऊ शकतो, अशा बाईला तांबीच बरी. तुझ्या धाकट्या जावेला फिट्सच्या गोळ्या चालू आहेत म्हणालीस, म्हणून तिच्यासाठीही हे लिहून ठेवते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर ही गोळी नेहमीच्या मात्रेत पुरी पडत नाही. तिनं डॉक्टरांना आपली औषधं सांगूनच काय ते ठरवावं.

बाळाला पाजायचं का, हे तू घाबरून विचारलं होतंस. फोनवर "पाज" म्हणाले तेच पुन्हा सांगते. या गोळीमुळे पाजणं बंद करायचं कारण नाही. मळमळ झाली, डोकं दुखलं, छाती हुळहुळली, तर ते एक-दोन दिवसांत जातं. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली असती तर पुन्हा घ्यावी लागली असती, पण तुला तसं काही झालं नाही. थोडं रक्त दिसतंय तेही या गोळीनं होतं. मात्र ते पाळी समजू नकोस आणि "सुटले" असंही समजू नकोस. उलट पोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं किंवा चक्कर आली, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. पुढे मूल होईल का, या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ आहे: होईल. ही गोळी शरीरात साठून राहत नाही आणि वांझपण आणत नाही.

आता तुझी खरी अडचण. बाळंतपणानंतर तुझी पाळी अजून आलेलीच नाही, त्यामुळे "पाळी चुकली" हे तुला कळणार कसं? म्हणून दिवस मोजायचे ते त्या रविवारपासून. तीन आठवडे झाले की लघवीची तपासणी कर. दुकानात किट मिळतं, आशाताईंकडे सरकारी 'निश्चय' असतं. सकाळची पहिली लघवी घे. तीन आठवड्यांआधी केलीस तर उत्तर खोटं येऊ शकतं आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

"अंगावर पिणारं मूल आहे तोवर काही होत नाही," असं सासूबाई म्हणतात ना? त्यांचं अगदीच खोटं नाही, पण त्याला तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, ते रात्रंदिवस फक्त अंगावरच पिणारं हवं, आणि पाळी परत आलेली नसावी. तुझं लेकरू आठ महिन्यांचं आहे, पेज आणि वरण-भात खातंय. पाळी यायच्या आधीच बीज बाहेर पडतं, त्यामुळे पाळी न येताच दुसरी खेप राहिलेल्या कितीतरी जणी मी बघते. हे त्यांना कुणी बाळंतपणातच सांगायला हवं होतं.

गोळी त्या एका प्रसंगापुरती होती. ती पुढच्या रात्रीला राखत नाही, उलट बीज लांबवलेलं असल्यानं पुढचे दिवस जास्त जपायचे. ती महिन्या-महिन्याला घ्यायचीही गोष्ट नाही. शरीर बिघडतं म्हणून नव्हे, तर रोजच्या उपायांपेक्षा तिचा भरवसा कमी आणि पाळीचं वेळापत्रक विस्कटतं म्हणून. सध्या निरोध, दर वेळी, हे भाऊजींना सांग. पुढे तुझ्यासाठी तांबी आहे, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे. छायात संप्रेरक नाही, लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाजणारीला चालते. ही तिन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

शाळेत आपल्याला महर्षी कर्व्यांवर निबंध लिहायला लावले. त्यांच्या मुलाचं, रघुनाथरावांचं नाव एका बाईंनीही घेतलं नाही. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. शंभर वर्षं होऊन गेली, आणि तुझा सोमवार तरीही असा गेला. मला हे लिहिताना खरंच वाईट वाटतंय.

तपासणीत दोन रेषा आल्या तर? तरीही घाबरू नकोस. ठेवायचं असेल तर गोळीमुळे बाळाला धोका नाही. नको असेल तर कायदा तुझ्या बाजूनं आहे. १९७१ चा कायदा, २०२१ मध्ये सुधारलेला. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक फसलं हे कारण त्यात लिहिलेलंच आहे. सही फक्त तुझी लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. तुझं नाव डॉक्टरांनी गुप्त ठेवायचं असतं. लवकर गेलीस तर सगळं सोपं होतं.

नऊ महिने पुरे झाले की गोवर-रुबेलाच्या लशीला बाळाला नेशीलच, तेव्हा घरात कुणी "कुठे चाललीस" विचारणार नाही. तपासणी त्याच्या आधी कर, आणि त्या दिवशी सिस्टरना तांबीबद्दल विचार. भाऊजींना सोबत ने, बाळ त्यांच्याकडे राहील. रेषा एक येवो की दोन, मला लगेच फोन कर. दुकानात गर्दी असली तरी उचलेन, आणि तू नुसतं "हं" म्हणालीस तरी मला कळेल.

तुझी,
मंजू