दुबईत गाडी घेणाऱ्यांनी विम्याचा कागद वाचून घ्यावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संयुक्त अरब अमिरातीत नोकरीला निघालेल्या मराठी माणसासाठी व्हिसा, पगार, खोलीचं भाडं यांवर बरंच छापून येतं. गाडीबद्दल मात्र फारसं काही वाचायला मिळत नाही. घर शारजात आणि काम दुबईत, हा हिशेब अनेकांच्या वाट्याला येतो आणि मग वर्षाच्या आत जुनी का होईना, गाडी दारात येते. तिच्याबरोबर पुण्या-मुंबईच्या सवयीही येतात. विमा म्हणजे पोलिसानं अडवलं की दाखवायचा कागद, पोचा पडला की ओळखीचा गॅरेजवाला, आणि गाडी विकली तरी कागद सावकाश. या सवयी तिथं फार महागात पडतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. पर्यटक म्हणून गेलेल्याला आरटीओकडून घेतलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर भाड्याची गाडी चालवता येते. निवासाचा व्हिसा लागला की ती सवलत संपते आणि स्थानिक परवाना काढावाच लागतो. दुबईत भारतीय परवानाधारकाला प्रशिक्षणाचे तास न घेता थेट परीक्षा देण्याची एक संधी मिळते. तिला तिथं ‘गोल्डन चान्स’ म्हणतात. उजव्या बाजूनं चालणारी वाहतूक आणि गोल चौकांची शिस्त अंगवळणी पडण्याआधी ही संधी वाया घालवू नये. स्थानिक परवाना नसताना अपघात केला, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन तीच रक्कम चालकाकडून वसूल करू शकते.

आता विमा. नोंदणीच्या कार्डाला तिथं सगळे ‘मुल्कीया’ म्हणतात. ती 12 महिन्यांची असते आणि विमा 13 महिन्यांचा. वरचा एक महिना नूतनीकरणाच्या सवलतीसाठी आहे. पुष्कळांना वाटतं, विमा चालू आहे म्हणजे सगळं चालू आहे. पण तेराव्या महिन्यात विमा जिवंत असतो आणि मुल्कीयाची तारीख उलटलेली असते. तेराही महिने सरले, की गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे दंड आणि जप्तीला आमंत्रण. शिवाय गाडीवरचे दंड भरल्याशिवाय नूतनीकरण होत नाही, त्यामुळे महिनाभर आधी ते तपासून ठेवावेत.

पॉलिसी दोन तऱ्हेची, थर्ड पार्टी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह. 2017 पासून देशभर एकाच साच्यातली पॉलिसी लागू आहे, त्यामुळे मूळ अटी सारख्याच असतात. फरक पडतो तो जोड-कलमांत आणि वजावटीत. थर्ड पार्टीत समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान 20 लाख दिरहमपर्यंत भरून निघतं, पण आपल्या गाडीसाठी एक दिरहमही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पाहायची पहिली गोष्ट म्हणजे ‘एक्सेस’, म्हणजे चूक आपली असताना प्रत्येक दाव्यात आपण सोसायची रक्कम. हप्ता स्वस्त दिसला की एक्सेसचा आकडा आधी शोधावा. चालक 25 वर्षांखालचा असेल किंवा परवाना वर्षाच्या आतला असेल, तर तो बहुधा वाढलेला असतो. मग दुरुस्ती एजन्सीत, म्हणजे गाडीच्या अधिकृत विक्रेत्याकडे, की विमा कंपनीनं ठरवलेल्या गॅरेजात, हे पाहावं. चालक आणि आपल्याच गाडीतले प्रवासी यांचं अपघात संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. ओमानला जायचं असेल तर तिथला विमा जोडून घेऊन ‘ऑरेंज कार्ड’ सोबत ठेवावं. वाळूत गाडी घालायची हौस असेल तर ‘ऑफ-रोड’ हा शब्द पॉलिसीत आहे का, तेही बघावं.

वादळ आणि पुराचं कलम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावं. 16 एप्रिल 2024 रोजी तिथं 1949 पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथं 24 तासांच्या आत 254 मिलिमीटर पाणी पडलं. नुसती थर्ड पार्टी असलेल्यांना बुडालेल्या गाडीचं काहीच मिळण्यासारखं नव्हतं. कॉम्प्रिहेन्सिव्हवाल्यांतही ज्यांनी पाणी ओसरल्यावर ‘बघू या चालू होते का’ म्हणून बटण दाबलं, त्यांनी स्वतःचंच नुकसान करून घेतलं. पाणी हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गालिचे वाळवून भागलं असतं तिथं इंजिन बदलायची पाळी येते. वर कंपनी म्हणू शकते, की हे नुकसान पुरानं केलेलं नाही, तुम्ही केलंत. म्हणून नंबरपाटी आणि पाण्याची पातळी दोन्ही दिसतील असे फोटो काढावेत, गाडीला हात न लावता ती टो करून न्यावी आणि पोलिसांकडून नुकसानीचा दाखला घ्यावा. पाणी वाहत असलेल्या वादीत, म्हणजे ओढ्यात, गाडी घातली तर 2000 दिरहम दंड, 23 काळे गुण आणि 60 दिवस जप्ती अशी शिक्षा आहे. 24 गुण झाले की परवाना निलंबित होतो, यावरून तिचं गांभीर्य कळावं.

किरकोळ धडक झाली की आपला माणूस म्हणतो, ‘जाऊ दे, आपसात मिटवू.’ तिथं ते मिटत नाही, कारण पोलिसांचा अहवाल पाहिल्याशिवाय गॅरेजला पोचा काढायची परवानगीच नाही. कोणी जखमी नसेल तर गाड्या लगेच बाजूला घ्याव्यात. रस्ता अडवून भांडत बसल्याचाही दंड होतो. दुबईत किरकोळ अपघात पोलिसांच्या ॲपवरूनच नोंदवता येतो, अबू धाबीत त्यासाठी ‘साएद’ ही यंत्रणा आहे, आणि कोणी जखमी असेल तर पोलिसांचा 999 हा क्रमांक. अहवालात चूक कोणाची ते ठरतं. हिरवा कागद निर्दोष चालकाला, लाल कागद दोषीला. दावा दोषी गाडीच्या विमा कंपनीकडे करायचा असतो, सोबत अहवाल, मुल्कीया आणि परवाना. पार्किंगमध्ये कोणी अज्ञातानं घासून गेलं तरी त्याच दिवशी, गाडी हलवण्याआधी अहवाल घ्यावा. दोन महिन्यांनी तीच जागा दुसऱ्यांदा चेपली तर जुना पोचा कुठला आणि नवा कुठला, हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

एक धोका अगदी भली माणसं ओढवून घेतात. शारजातून दुबईला जाताना शेजारच्या तिघांना महिन्याच्या ठरावीक पैशांवर सोबत न्यायचं, याला तिथं ‘कार लिफ्ट’ म्हणतात. खासगी गाडीतून परवानगीशिवाय पैसे घेऊन माणसं नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर गाडी व्यवसायासाठी वापरली या मुद्द्यावर विमाही अडतो. पेट्रोलचे चार पैसे सुटावेत एवढाच हेतू असतो, हे समजतं. पण गाडीत बसलेल्या तिघांच्या जिवाचा प्रश्न आहे.

जुनी गाडी घेताना ‘जीसीसी स्पेक’ हा शब्द सारखा कानावर येतो. आखातासाठी बनवलेल्या गाडीत रेडिएटर आणि एसीची ताकद तिथल्या उन्हाच्या हिशेबानं असते. अमेरिकेतून आणलेली तीच गाडी बरीच स्वस्त मिळते, पण त्यांतल्या पुष्कळ गाड्या तिकडे अपघातात किंवा पुरात मोडीत काढलेल्या असतात. रंगरंगोटी चोख असते आणि आत एअरबॅग नसते, असंही घडतं. अशा गाडीला अनेक कंपन्या कॉम्प्रिहेन्सिव्ह देत नाहीत. मग ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘जीसीसी’वर टिचकी मारून स्वस्त पॉलिसी काढली जाते. दाव्याच्या वेळी कंपनी चॅसिसचा 17 अक्षरी क्रमांक तपासते, खोटी माहिती उघडी पडते आणि दावा फेटाळला जातो. तोच क्रमांक घेऊन ‘एमिरेट्स व्हेईकल गेट’ या संकेतस्थळावर गाडीचा तिथला अपघात-इतिहास फुकट पाहता येतो. अमेरिकन गाडीसाठी ‘कारफॅक्स’ या तिकडच्या संकेतस्थळाचा अहवाल पैसे भरून घ्यावा. त्यानंतरही तपासणी केंद्रातून सर्वंकष चाचणी केल्याशिवाय बयाणा देऊ नये.

नव्या गाडीला पहिली तीन वर्षं तपासणी माफ असते, पुढं दरवर्षी ‘तसजील’, ‘शामिल’ यांसारख्या केंद्रात न्यावी लागते. काचांवरची फिल्म 50 टक्क्यांपेक्षा गडद असली, तेलाची गळती असली किंवा टायर जुने असले की गाडी नापास.

टायरबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण उन्हाळ्यात महामार्गावर 120 च्या वेगात तो फुटला तर गाडी हातात राहत नाही. टायरच्या बगलेवर ‘डीओटी’ ही अक्षरं शोधावीत. त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर खाली वाकून, टॉर्च मारून आतली बाजू बघावी. पाच वर्षांपेक्षा जुना टायर तिथं चालत नाही, नक्षी कितीही खोल असो, कारण उन्हानं रबर आतून कडक होतं आणि बगलेला केसासारख्या बारीक भेगा पडतात. काळं पॉलिश त्या भेगा झाकतं, म्हणून विकायला काढलेल्या गाडीचा टायर आधी ओल्या फडक्यानं पुसावा. निकामी टायरवर 500 दिरहम दंड, 4 काळे गुण आणि 7 दिवस जप्ती आहे.

उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, हा समज आपल्याकडून तिथं जातो आणि जीव घेतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्या दबण्यानंच तापतो आणि वरचा पट्टा सुटतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच ठेवावा, आणि तो सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरवर मोजावा.

बाकी देखभालीत बॅटरी साधारण दोन वर्षांची धरून चालावं. उन्हात ती फारशी चाहूल न देता बसते. कूलंटच्या टाकीत बाटलीतलं पाणी ओतत राहू नये. त्यानं मिश्रण पातळ होतं, पाणी लवकर उकळतं आणि रेडिएटर आतून गंजतो. एसी थंड करत नाही म्हटलं की लोक गॅस भरून घेतात, पण पुष्कळदा कंडेन्सर किंवा केबिन फिल्टर धुळीनं बुजलेला असतो. आधी ते साफ करून पाहावेत.

परत यायचं ठरलं की व्हिसा रद्द होण्याच्या किमान महिनाभर आधी गाडीचं काम हाती घ्यावं. कर्ज असेल तर मुल्कीयावर बँकेचा बोजा असतो, तो उतरायला दिवस लागतात, आणि नोकरी सुटल्याचं कळताच बँक खातं गोठवू शकते. विक्रीला दोघांनी केंद्रात जाऊन त्याच दिवशी नाव बदलून घ्यावं. ‘तू चालव, कागद नंतर बघू’ म्हणून मित्राला किल्ली दिली, तर पुढचे दंड आपल्याच नावावर चढतात. ‘सालिक’चा टॅग बंद करावा, नाहीतर नव्या मालकाचा टोल आपल्या खात्यातून कापला जात राहतो. दावा केलेला नसेल तर विमा रद्द करून उरलेल्या काळाचा परतावा मिळतो. तो मागावा लागतो, आपणहून येत नाही. गाडी इमारतीखाली तशीच सोडून येणं तर सर्वांत वाईट. धूळ बसली की नगरपालिका नोटीस चिकटवते आणि मग उचलून नेते.

जाण्याआधी भारतातली गाडी विकणाऱ्यांनीही नोंदणीत नाव बदलल्याची खात्री करूनच विमान पकडावं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे, की नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, राखून ठेवल्याचं पत्र घ्यावं. ते तीन वर्षं चालतं आणि परतल्यावर नव्या गाडीच्या विम्यात 50 टक्क्यांपर्यंतची सूट त्यानं टिकते. गाडी घरच्यांसाठी इथंच ठेवणार असाल, तर हा बोनस टिकवायला पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांच्या आत नूतनीकरण झालंच पाहिजे. ती तारीख घरातल्या कोणाला तरी लिहून द्यावी, आणि विम्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नये.

आपला,
एक वाचक, शारजा