खचलेल्या फरसबंदीविषयी

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेटपासून गाडी लावण्याच्या जागेपर्यंतच्या रस्त्याची तू पाठवलेली छायाचित्रे मी नीट पाहिली. चाकांखालचे ब्लॉक दोन समांतर चाकोऱ्यांत खचले आहेत, कडेची ओळ बाहेर सरकली आहे आणि सांध्यांतून गवत उगवले आहे. मात्र फुटलेले ब्लॉक फारच थोडे दिसतात. म्हणून सगळे उखडून नवे बसवण्याचा जो सल्ला तुला मिळाला आहे, तो इतक्यात मान्य करू नकोस. फरसबंदी खचते ती बहुधा खालची खडी नीट दाबली न गेल्यामुळे किंवा पाण्याबरोबर वाळू वाहून गेल्यामुळे, आणि ती कारणे तशीच ठेवून वर कितीही महाग ब्लॉक बसवले तरी तेही खचणारच. जुने ब्लॉक काढून, घासून पुन्हा वापरता येतात. तुझा तुटपुंजा पैसा त्यांच्याखाली आणि कडेला घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम फुकटचे आहे. रस्त्यावर नळीने भरपूर पाणी सोड आणि ते जिथे साचते तिथे खडूने रेघ मार. छतावरच्या पाण्याचा पाइप फरसबंदीवरच रिकामा होत असेल, तर इतर कशालाही हात लावण्यापूर्वी त्याचे तोंड दुसरीकडे वळवून घे. उतार घरापासून दूर आणि मीटरमागे साधारण २० मिलिमीटर असावा. दोरी आणि पाणसळ घेऊन तो तुलाच तपासता येईल.

त्यानंतर खचलेला भाग आणि त्याभोवतीच्या दोन-तीन चांगल्या ओळी उचलाव्या लागतील. पहिला ब्लॉक काढणे जिकिरीचे असते. दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या घालून तो थोडाथोडा हलवत वर घ्यावा, मग पुढचे सहज सुटतात. उचलण्यापूर्वी मांडणीचे छायाचित्र काढून ठेव. आता खरा मुद्दा. गवंडी घाईत असला की खड्डा वाळूनेच भरून काढतो, आणि तसे त्याला करू देऊ नये, कारण वाळूचा जाड थर चाकांच्या भाराखाली पुन्हा सरकतो. खोली भरायची ती खडीने, प्रत्येक थर १०० मिलिमीटरपेक्षा जाड न ठेवता, किंचित ओला करून, भाड्याच्या कॉम्पॅक्टरने (थर ठोकून दाबणाऱ्या यंत्राने) घट्ट दाबत. वाळू जाड, चाळलेली असावी आणि ती केवळ ब्लॉक टेकवण्यापुरती, सुमारे ३० मिलिमीटर पसरावी. म्हणजे १० चौरस मीटरला ०.३ घनमीटर पुरते. यंत्र फिरल्यावर ब्लॉक थोडे खाली बसतात, म्हणून ते शेजारच्या ओळींपेक्षा पाच-सहा मिलिमीटर उंच ठेवावेत.

फुटलेल्या ब्लॉकांसाठी नवे आणलेस तर त्यांचा रंग जुन्यांशी जुळणार नाही. त्यासाठी घराच्या मागच्या बाजूचे, नजरेआड असलेले जुने ब्लॉक पुढे आण आणि नवे मागे लाव. जाडी मात्र मोजून घे; गाडी जाते तिथे ६० मिलिमीटरपेक्षा पातळ ब्लॉक चालत नाहीत.

कडेकडे दुर्लक्ष करू नकोस. कडेला आधार नसला की बाहेरची ओळ सरकते, सांधे रुंदावतात, त्यांतली वाळू निघून जाते आणि मग आतल्या ओळींचीही पकड सुटते. कडेचे दगड काँक्रीटमध्ये पक्के बसवण्यात थोडा खर्च होईल, पण काटकसर करायचीच झाली तर ती इथे करू नये.

शेवटी सांध्यांत कोरडी, बारीक वाळू झाडून भरावी, कॉम्पॅक्टर फिरवावा आणि पुन्हा भरावी. सांध्यांत सिमेंटचे पातळ मिश्रण ओतावे असे कोणीतरी सुचवेलच. ते स्वस्त वाटते. परंतु फरसबंदी भाराखाली किंचित हलत असल्याने कडक सांधे तडकतात, मग पाणी आत शिरते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. ब्लॉकांवर क्षारांचे पांढरे डाग दिसले तर त्यांवर आम्ल ओतणेही टाळ, कारण त्याने सिमेंटच खाल्ले जाते. ते क्षार बहुधा काही काळाने पावसाने धुऊन जातात. धुण्यासाठी दाबाचे यंत्र वापरलेस तर झोत तिरका धर, नाहीतर सांध्यांतली वाळू उडून जाईल. चकाकी आणणाऱ्या लेपाचा विचार पैसे उरले तरच कर.

सगळा रस्ता एकदम करण्याचीही गरज नाही. गेटजवळचा भाग, जिथे चाके वळतात आणि जोर सर्वांत जास्त पडतो, तो आधी करून घे. ब्लॉक सुटे असल्याने उरलेला भाग पुढे कधीही जोडता येईल. खडूच्या रेघांची लांबी-रुंदी आणि खड्ड्याची खोली मोजून मला कळव, म्हणजे खडी आणि वाळू किती मागवायची याचा हिशेब मी करून पाठवते.

तुझी,
आई